चार खोटे पास

ताईच्या दुकानात सात राजे, दोन न्यायाधीश, एक सेनापती आणि अर्धा वाघ कायम खुंटीला टांगलेले असतात. वाघ अर्धा आहे, कारण त्याचं मागचं धड एका शाळेनं नेलं ते परत आणलंच नाही. नाटकाचे कपडे भाड्यानं देण्याचं हे दुकान. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकं, मिशांचा खण, लाकडी तलवारींची बादली. मागच्या खोलीत इस्त्रीचं लांबलचक टेबल. टेबलाच्या मधोमध इस्त्रीच्या आकाराचा एक करपट डाग आहे, आणि गेली अकरा वर्षं, रविवार सोडून, दुपारी तीन ते पाच त्या डागाभोवती बसून आम्ही डॉमिनो खेळतो.

चौघांची ओळख आधीच करून देतो, कारण पुढे चौघंही खोटं बोलणार आहेत.

पहिली ताई. दुकान तिचं. तोंडात टाचण्या धरून बोलते, आणि टाचण्या असताना जास्त स्पष्ट बोलते. राजाचं पोट सुटलं की त्याच्याकडे न बघता अंगरखा दोन बोटं सैल करते. तेवढ्यावरून मी तिला मानतो.

दुसरा तिचा धाकटा भाऊ, कोशकार. परक्या भाषांमधून आपल्याकडे आलेल्या शब्दांचा कोश गेली पंचवीस वर्षं लिहितोय. ताई त्याला 'धाकट्या' म्हणते. वय वर्षं एकसष्ट.

तिसरा जुळारी. छापखान्यात शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, एकेक उचलून ओळी जुळवतो. अक्षरं उलटी वाचण्यात हयात गेली, त्यामुळे माणसंही तो उलटीकडून वाचतो आणि बऱ्याचदा बरोबर वाचतो.

चौथा मी. वजनमाप खात्यात एकतीस वर्षं काढली, म्हणून मला सगळे मापवाले म्हणतात. लोकांना वाटतं मी आकड्यांचा माणूस. तसं नाही. आकडे कुणीही बघतं. मी तागडीच्या पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवलाय का ते बघणारा माणूस आहे. टेबलावर गुणांची वही माझ्याकडे असते. कोणाकडे किती ठिपके उरले ते मी लिहितो, आणि माझं लिहिलेलं आजवर कुणी तपासलेलं नाही.

खेळ सोपा आहे. अठ्ठावीस सोंगट्या, प्रत्येकीवर दोन घरं, घरात कोऱ्यापासून सहापर्यंत ठिपके. चौघांना सात सात वाटून द्यायच्या. ज्याच्याकडे सहा-सहा असेल त्यानं ती मांडून सुरुवात करायची. मग रांगेच्या टोकाशी ठिपके जुळतील अशी सोंगटी लावत जायचं. जुळत नसेल तर 'पास' म्हणायचं. हातातलं सगळं ज्याचं आधी संपेल त्यानं 'डॉमिनो' म्हणून ओरडायचं, तो जिंकला. आणि चौघंही लागोपाठ पास म्हणाले तर खेळ अडला. मग हातातले ठिपके मोजायचे, ज्याचे सर्वांत कमी तो जिंकला.

इथवर सगळीकडे असतं तसंच. पुढचा नियम मात्र आमच्याच टेबलावरचा.

सोंगट्यांचा डबा ताईच्या नवऱ्याचा. कोशकाराचं ऐकून आम्ही सगळेच त्यांना भावोजी म्हणायचो. पहिली दोन वर्षं तेच खेळायचे आणि मी नुसता लिहायचो; ते गेले, आणि त्यांच्या खुर्चीवर ताईनं मला बसवलं. तर भावोजींच्या वेळी रोज एकच भांडण व्हायचं: या खेळाला डॉमिनो का म्हणतात? ताई म्हणायची, कपड्यावरून. तिच्या दुकानात दाराजवळच्या खुंटीवर एक काळा झगा असतो. मोठी टोपी, आतून पांढरं अस्तर, आणि डोळ्यांपुरता अर्धा मुखवटा. जुन्या नाटकांत तोंड लपवून नाचाला जायचं असलं की हाच घालतात, आणि त्यालाही डॉमिनोच म्हणतात. जुळाऱ्याचं मत रोज बदलायचं. भावोजी वैतागले आणि एके दिवशी त्यांनी टेबलावर हात आपटला. "जो जिंकेल त्याची व्युत्पत्ती खरी! पुढच्या डावापर्यंत. जिंकणाऱ्यानं हा झगा घालायचा, मुखवटा लावायचा, उभं राहायचं आणि छातीठोक सांगायचं. बाकीच्यांनी मान डोलवायची."

तेव्हापासून तसंच चालतं. जुळारी जिंकला की झगा घालून सांगतो, की डॉमिनो नावाचा एक आचारी होता आणि त्याच्या पोळ्या इतक्या कडक व्हायच्या की राजानं त्यावर ठिपके काढून खेळ मांडला. आम्ही मान डोलावतो. मी जिंकलो की सांगतो, 'डो' म्हणजे दोन, घरं दोन म्हणून. 'मिनो'चं बघतो म्हणून सांगितलंय. बघणं चालू आहे.

कोशकार मात्र कधीच जिंकला नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही.

चौघांत एक असा हिशेब धरला तर आंधळ्यानं खेळूनही त्याला शेकड्यानं डाव मिळायला हवे होते. तिसऱ्याच वर्षी मी पारड्याखाली हात घालून पाहिला. डाव संपला की हरलेले उरलेल्या सोंगट्या उताण्या करतात, तेव्हा दिसतं. टोकाला पाच उघडा असताना हा 'पास' म्हणालेला असायचा, आणि शेवटी याच्या हातातून तीन-पाच निघायची. खेळ अडायची लक्षणं दिसली, की हलक्या सोंगट्या भराभर लावून टाकायचा आणि जड जड धरून ठेवायचा. व्युत्पत्तीच्या टिपेत एक स्वल्पविराम चुकला तर दोन दिवस न जेवणारा माणूस, रोज दुपारी खोटं खेळत होता. हरण्यासाठी.

मी मनाशी म्हटलं, बहिणीसाठी. ती जिंकली की झगा घालून एवढी खुलते, भावोजी गेल्यावर तर तेवढंच तिला... मी गप्प राहिलो. माझ्या वहीत सगळं होतं, तोंडात काही नव्हतं.

गेल्या महिन्यात एका सोमवारी कोशकार आलाच नाही. जुळारी आला तो शाईच्या हातांनीच, आणि बसायच्या आधी म्हणाला, "ताई, तुमच्या भावाचा कोश चालला."

ताईनं टाचण्या तोंडातून काढल्या. म्हणजे प्रकरण मोठं.

"कुठं चालला?"

"दुसऱ्याकडे. प्रकाशकाचं पत्र आमच्या छापखान्यातून गेलं, मीच जुळवलं. तिसऱ्या भागात सहाशे बारा शब्द, त्यातल्या पाचशे नव्वदांपुढे यानं काय लिहिलंय? 'व्युत्पत्ती अनिश्चित.' आता तर तेवढं पूर्णही लिहीत नाही. 'अनि.' लिहितो आणि पुढे जातो. माझ्याकडे 'अ'चे खिळे संपतात! प्रकाशक म्हणतो, लोक कोश विकत घेतात ते कुणीतरी काहीतरी सांगावं म्हणून. ग्राहकांना पाठवायचं नमुन्याचं पान छापायचंय, त्या पानावर मोठा शब्द एकच, डॉमिनो. शुक्रवारी दुपारपर्यंत त्या शब्दाची नीट नोंद आली तर ठीक. तिथंही 'अनि.' आलं, तर पंचवीस वर्षं जमवलेल्या शब्दांच्या सगळ्या चिठ्ठ्या बांधून दुसऱ्या संपादकाच्या घरी."

"त्यानं मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला? ते भांडं तो अजून विसरलाय का?"

'ते भांडं' हे प्रकरण असं. कोशाच्या पहिल्या भागात कोशकारानं स्वयंपाकघरातल्या एका भांड्याच्या नावाची व्युत्पत्ती अगदी ठणकावून दिली होती. एका निवृत्त पोस्टमास्तरानं वर्तमानपत्रात सात ओळींचं पत्र लिहिलं आणि ती पार खोटी ठरवली. सातच ओळी, पण शेवटच्या ओळीत लोक हसले. ते कात्रण कोशकाराच्या चष्म्याच्या घरात अजून आहे. त्या भांड्याचं नाव आमच्या टेबलावर कुणी काढत नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे ते भांडंही ताईनं माळ्यावर टाकलंय.

मी म्हटलं, "ताई, आता सांगायलाच हवं. तो इथं मुद्दाम हरतो. तुमच्यासाठी."

ताई माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी ती कंबर चुकीची सांगणाऱ्या नटाकडे बघते.

"माझ्यासाठी? मापवाले, मी काय लहान बाळ आहे? तो हरतो हे मला पहिल्या महिन्यापासून माहितीये. जिंकला तर झगा घालून उभं राहायला लागेल आणि छातीठोक सांगायला लागेल, म्हणून हरतो तो. त्याला या टेबलावरसुद्धा भीती वाटते. एक मी, एक तुम्ही आणि एक हे आचारी सांगणारे, आमच्यासमोर!"

जुळारी म्हणाला, "मलाही ठाऊक होतं."

म्हणजे नऊ वर्षं मी एक गुपित सांभाळत होतो, आणि तेच गुपित आणखी दोघं सांभाळत होती. इतकं सांडलेलं माप मी नोकरीत पाहिलं नव्हतं.

"नियम भावोजींचा आहे," मी म्हटलं. "जिंकला तर तो नाही म्हणणार नाही."

"तेच तर," ताई म्हणाली. "आपण त्याला जिंकवू."

बोलायला सोपं. मंगळवारी कोशकार आला, जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं, आणि आम्ही तिघं हरायला बसलो. तेव्हा कळलं, की हरण्याची विद्या असते आणि त्यात या माणसाची अकरा वर्षांची तालीम आहे. आम्ही त्याच्यासाठी टोकं उघडी करत होतो, तो पास म्हणत होता. आम्ही जड सोंगट्या धरल्या, त्यानं आमच्याहून जड धरल्या. जुळाऱ्याच्या हातात एक सोंगटी उरली, ती सरळ सरळ लागत होती, आणि तो घाम पुसत 'पास' म्हणाला.

कोशकारानं विचारलं, "बरं नाही का वाटत?"

"उकडतंय."

"खिडकी उघडू?"

"नको, पास!"

शेवटी गोंधळून मीच हातातली शेवटची सोंगटी लावून बसलो. सवयीनं लागली हो. ताईनं टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. मग मला झगा घालून 'डो म्हणजे दोन' सांगावं लागलं, आणि मान डोलावताना कोशकाराच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला त्याचा राग आला.

बुधवारी ताई जिंकली. जिंकून ती इतकी चिडली की तिनं मुखवट्याचं इलॅस्टिक तोडलं.

कोशकार गेल्यावर तिनं सुईत दोरा ओवला, मुखवटा शिवायला घेतला आणि म्हणाली, "आपलं चुकतंय. खेळत गेलं की तो हात हवा तसा जड करत जातो. त्याला हात करायला सवडच द्यायची नाही. उद्या पहिली सोंगटी पडली की लगेच पास. तो तर पास म्हणणारच. आपणही म्हणायचं. चार पास, खेळ अडला. मग हातात जे वाटलं गेलंय तेच मोजायचं."

मी हिशेब केला. "त्याचे ठिपके सर्वांत कमी असण्याची शक्यता चारात एक आहे, ताई. आणि हे एकदाच जमेल. सोंगट्या उताण्या झाल्या की त्याला सगळं कळणार."

"एकदाच," ताई म्हणाली. दोरा दातांनी तोडला. "वही तुमच्याकडेच आहे ना?"

"माझ्या वहीत खोटा आकडा नाही," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

"मी कुठं काय म्हटलं?"

गुरुवारी पावणेतीनलाच तिघं हजर. कोशकार तीनला आला, झोप न झालेल्या डोळ्यांनी. खांद्याच्या पिशवीतून चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा डोकावत होता, आणि सगळ्यात वरच्या चिठ्ठीवर बाकी काही नव्हतं, एका कोपऱ्यात 'अनि.' तेवढं. म्हणजे उद्या तेच द्यायचं ठरवून आला होता. ताईनं ते पाहिलं आणि सोंगट्या पालथ्या घालून दोन्ही तळव्यांनी खडखडवल्या.

सहा-सहा तिच्याकडेच आली. तिनं ती डागावर ठेवली.

जुळारी म्हणाला, "पास."

कोशकारानं हातातल्या सोंगट्यांवरून एकदा नजर फिरवली. "पास."

माझ्या हातात सहा-दोन होती. एकतीस वर्षं नोकरी, नऊ वर्षं या टेबलावर, आणि मी कधी खोटा पास म्हटला नव्हता. मंगळवार-बुधवारीही मी फक्त वाईट खेळलो होतो, खोटं नव्हतो खेळलो. घसा साफ केला. "पास."

कोशकाराची मान वर झाली.

"पास," ताई म्हणाली, आणि टाचण्यांची डबी उघडायला लागली, जणू विषय संपला.

"असं कसं?" तो म्हणाला. "पहिल्याच सोंगटीला?"

"अडला खेळ. कधीकधी होतं. मोजा."

सोंगट्या उताण्या झाल्या. जुळाऱ्याकडे सहा-पाच आणि सहा-चार. ताईकडे सहा-तीन. माझ्याकडे सहा-दोन. कोशकाराकडे सहा-एक आणि सहा-कोरी. सहाचं घर असलेल्या उरलेल्या सहाही सोंगट्या टेबलावर उजेडात पडल्या होत्या, आणि चौघांतला एकही जण खरं बोललेला नव्हता. छापखान्याचा भोंगा लांब कुठंतरी वाजला. कुणीच कुणाकडे बघेना.

"शेहेचाळीस," जुळारी म्हणाला.

"त्रेचाळीस," ताई.

कोशकारानं बोटानं मोजले. त्याचा आवाज खाली गेला. "चौतीस."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझे तेहतीस होते. मी दोनदा मोजले, तेहतीसच. एका ठिपक्यानं मी जिंकत होतो. एका ठिपक्यानं मला उभं राहून 'डो म्हणजे दोन' सांगावं लागणार होतं आणि उद्या दुपारी एका माणसाची पंचवीस वर्षं सुतळीनं बांधली जाणार होती. ताई माझ्याकडे बघत नव्हती. टाचण्या मोजत होती. टाचण्या कधी कुणी मोजतं?

"अडतीस," मी म्हटलं, वहीत लिहिलं, आणि माझ्या सोंगट्या हातानं ढिगात लोटून दिल्या.

"धाकट्या," ताई म्हणाली, "जिंकलास रे."

"नाही. हा डाव धरायचा नाही. पास खोटे होते."

"कुणाचे?"

तो चष्मा पुसायला लागला.

"सांग ना. ज्याचा पास खोटा होता त्यानं हात वर करायचा आणि डाव रद्द. तू आधी. मग हेही विचारू, की आजचाच खोटा होता की आधीचेही होते. मापवाल्यांच्या वह्या आहेत, अकरा वर्षांच्या."

मी वहीवर हात ठेवला. हातानं जेवढं बोलता येतं तेवढं बोललो.

कोशकारानं सहा-एक पालथी घातली. मग हळूच म्हणाला, "तुम्हाला तिघांनाही माहीत होतं."

"अहो, तुम्ही हरता फार वाईट," जुळारी म्हणाला. "म्हणजे चांगलं. म्हणजे... उठा आता."

ताईनं खुंटीवरून झगा काढला. लहानपणी शाळेत जाताना घालून दिला असेल तसा तिनं तो त्याच्या खांद्यांवर घातला, गळ्याशी हूक लावलं, टोपी पुढे ओढली. तिच्या हाताला सवय आहे. राजांचे तिनं याहून कमी वेळात राज्याभिषेक केलेले आहेत. पांढऱ्या अस्तराची एक रेघ त्याच्या कपाळाभोवती दिसत होती. मग तिनं कालच शिवलेला मुखवटा त्याच्या डोळ्यांवर बसवला, आणि चष्मा स्वतःच्या हातात घेतला. चष्म्याचं घरही घेतलं. ते तिनं टाचण्यांच्या डबीखाली ठेवून दिलं.

"भावोजींचा नियम," ती म्हणाली. "छातीठोक."

तो उभा राहिला. आम्ही वाट पाहिली. मला वाटलं, हा आता आचाऱ्याचीच गोष्ट सांगून सुटणार.

"मूळ शब्द लॅटिन," झग्यातून आवाज आला. "डॉमिनस. म्हणजे धनी. घराचा मालक, आणि देवही."

जुळाऱ्यानं माझ्याकडे भुवई उडवली. मी वहीचं कोरं पान उघडलं आणि लिहायला लागलो.

"मठांमधले पाद्री प्रार्थनेत रोज म्हणायचे, आपण प्रभूचं गुणगान करू या. त्या वाक्यात डॉमिनस हा शब्द डॉमिनो असा होऊन येतो. हेच पाद्री थंडीत डोक्यावरून काळी टोपी घ्यायचे, खांद्यापर्यंत येणारी. फ्रेंचमध्ये त्या टोपीला डॉमिनो म्हणायला लागले. प्रार्थनेतला शब्द टोपीला कसा चिकटला, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. रोज तीच टोपी, रोज तोच शब्द, एवढंच हातात आहे. मला ते पटतं. पण पुरावा नाही."

"थांबायचं नाही," ताई म्हणाली.

"मग ती टोपी मठातून निघाली आणि नाचाला गेली. लांब झाली, तिचा झगा झाला, खाली मुखवटा आला. ज्या कपड्यात देवाचं नाव घ्यायचं, त्यातच तोंड लपवून नाचायला लागले. शब्द माणसांसारखेच असतात, घरी एक आणि बाहेर एक." तो जरा थांबला. आवाज आता खाली जात नव्हता. "मग या सोंगट्या. इथं वाट फुटते. कोणी म्हणतं, मागून काळ्या आणि पुढून पांढऱ्या, म्हणजे झगा आणि अस्तर, म्हणून डॉमिनो. कोणी म्हणतं, ठिपके म्हणजे मुखवट्यातून दिसणारे डोळे. कोणी म्हणतं, जिंकणारा धनी होतो, म्हणून तो तसं ओरडतो. ही तिसरी वाट मला जिंकणाऱ्यांनी काढलेली दिसते. जिंकणाऱ्यांना सगळ्याच गोष्टींना आपल्यावरून नाव पडलं असं वाटतं."

जुळारी फसकन हसला. कोशकाराला ते हसू ऐकू आलं. झगा क्षणभर ताठ झाला. मग त्याला कळलं की हे हसू त्याच्यावरचं नाही, त्याच्या विनोदावरचं आहे. पंचवीस वर्षांत त्यानं हा फरक करून पाहिला नव्हता बहुतेक.

"माझ्या मते पहिली वाट," तो मोठ्यानं म्हणाला. "झगा आणि अस्तर. माझी बहीण हे अकरा वर्षं सांगतेय, पण ती म्हणते म्हणून नव्हे. जुन्या सोंगट्या काळ्या लाकडावर पांढरं हाड बसवून करायचे, म्हणून. उद्या कुणाला याहून चांगला पुरावा सापडला तर त्यानं मला पत्र लिहावं. सात ओळींचं चालेल."

"आणि त्या एकामागोमाग एक पाडतात ते?" जुळाऱ्यानं विचारलं. "एक पडली की रांग आडवी?"

"तो अर्थ सर्वांत धाकटा. राजकारणातल्या लोकांनी काढलेला, फार तर दोन पिढ्यांचा. एक देश पडला की शेजारचा पडेल, अशा भीतीपोटी." मुखवट्याच्या भोकांतून त्याचे डोळे दिसत होते, चष्म्याशिवाय, लहान मुलासारखे. "धाकट्यांना सगळं भीतीपोटीच सुचतं."

ताईनं त्याची टोपी नीट केली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

मी ते पान फाडून जुळाऱ्याकडे दिलं. त्यानं ते उलटं धरून वाचलं, सवयीनं, आणि म्हणाला, "अहो, यात 'अनि.' कुठं बसवू?"

"एकाच ठिकाणी," कोशकार म्हणाला. "प्रार्थनेपासून टोपीपर्यंत. बाकी सगळीकडे 'माझ्या मते' बसव."

"एवढे 'मा'? पुरतील ना खिळे?"

"बघ की. अजून पाचशे नव्वद शब्द यायचेत."

त्या दिवशी तो झगा घालूनच निघाला होता. रस्त्यावरून ताईनं त्याला परत बोलावलं. शनिवारी सेनापतीच्या नाटकाला लागणार होता तो.

शुक्रवारी नोंद गेली. प्रकाशकाचं उत्तर एका ओळीचं होतं: पुढची पानं लवकर पाठवावीत. पोस्टमास्तरांचं अजून काही आलेलं नाही. कोशकार रोज टपालाची वाट बघतो, मला वाटतं, जरा आशेनंच.

खरी गंमत सोमवारची. आम्ही बसलो आणि पहिल्यांदाच चौघंही खरं खेळलो. ताई सपाटून हरली, तीन डाव, ओळीनं. अकरा वर्षं एका माणसाच्या पडत्या हातावर जिंकलेली बाई. खरा हात समोर आला तेव्हा तिला कळेना काय करावं. कोशकार जिंकत होता आणि दर वेळी ताईकडे बघत होता, माफी मागावी तसा.

"बघतोस काय? झगा घाल," ती म्हणाली. "आणि उद्या मी तुला असं झोडपीन की ते भांडं माळ्यावरून खाली काढीन आणि तुझ्या डोक्यात घालीन."

'ते भांडं' हे मी लिहिलंय, तिनं भांड्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव. कोशकार हसला आणि म्हणाला, "त्याची व्युत्पत्ती अजून चुकीचीच आहे, ताई."

पाचला सगळे उठले. मी दिवसाचे गुण लिहायला वही उघडली, तर ती गुरुवारच्या पानावर उघडली. बारा टेबलावर, शेहेचाळीस, त्रेचाळीस, चौतीस, अडतीस. डब्यातल्या सगळ्या ठिपक्यांची बेरीज एकशे अडुसष्ट असते, हे मला जसं पाठ आहे तसं चिठ्ठ्या मोजत जगणाऱ्या माणसालाही असणार, याचा मी विचारच केला नव्हता. माझ्या आकड्यांची बेरीज एकशे त्र्याहत्तर होत होती. पाच ठिपके जास्त.

माझ्या अडतीसच्या पुढे, कंसात, पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: अनि.

मी मान वर केली. दारात कोशकार चपला घालत होता. "काय मापवाले," तो म्हणाला, "बेरीज जमतेय ना?"

"जमतेय," मी म्हटलं, आणि वही मिटली. खोडरबर खिशात होतं. तिथंच राहिलं.